चक्कीच्या गाडीचे पुढचे पाटे

डॉक्टरांनी बॅटरी विझवली, खुर्ची मागे सरकवली आणि सांगितलं, की माझ्या बायकोच्या डाव्या डोळ्यात जो थोडा उजेड उरला होता तोही गेला आहे. आता परत येणार नाही. काचबिंदू फार दिवस आत बसून होता, दोन वर्षं आधी यायला हवं होतं, असं ते माझ्याकडे बघून म्हणाले. ते खरंच होतं. मी मान खाली घातली.

सगुणानं विचारलं, "मग आता हा चष्मा कशाला वागवायचा? कानामागे रुततो."

नका वापरू, डॉक्टर म्हणाले. तिनं चष्मा काढला, पदरानं नीट पुसला आणि सवयीनं परत डोळ्यांवर चढवला. मग तिचं तिलाच हसू आलं. डॉक्टरही हसले. मी एकटाच हसलो नाही.

बाहेर टपरीवर चहा घेतला. मी कप धरून नुसता उभा होतो. तिनं बशीतला चहा संपवला, बशी माझ्या हाताच्या अंदाजानं पुढे केली आणि म्हणाली, मंगळवारी गाडी निघणार ना, हेदपाड्याच्या बायका नागली निवडून बसल्या असतील.

ही सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची फिरती चक्की होती. मिलिटरीच्या लिलावातला जुना ट्रक, चारही चाकांना ओढ असलेला, मी घेतला होता आणि मागच्या हौद्यात डिझेल इंजिनावर चालणारी चक्की बसवली होती. पेठच्या बाजूच्या डोंगरात सात पाडे आम्ही करायचो. तिथं तेव्हा वीज नव्हती. बायका पहाटे उठून जात्यावर दळायच्या. रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी, मध्ये ओढे आणि उघडा कातळ. साध्या गाडीचं तिथं काम नव्हतं. गाडी आणि इंजिन माझ्याकडे, चक्की सगुणाकडे. नागलीला, म्हणजे नाचणीला, दगड किती जवळ आणायचे, तांदळाला किती, हे ती पडतं पीठ चिमटीत घेऊन ठरवायची. पट्ट्याला मी जाळी बसवलेली होती, त्यामुळे धोका नव्हता. तिचं म्हणणं असं, की काम हाताचं आहे आणि हात शाबूत आहेत.

रविवारी तिचा भाऊ कारभारी आला. मोठ्या आवाजात बोलणारा, पण मनानं चांगला माणूस. ताई आता घरी बसेल, चक्कीवर दुसरं कोणी ठेवा, असं त्यानं मला सांगितलं. तिला काही विचारलंच नाही. ती आतून म्हणाली, "मी घरी बसून काय करू रे? भिंती चाचपू?" तो जेवून गेला.

मंगळवारी आम्ही निघालो. ती नेहमीसारखी माझ्या डाव्या हाताला बसली. वाटेत ती सारखं काहीतरी बोलत होती. ही फरशी ना, आता उंबर येईल ना, असं. ओढ्यावरच्या बुटक्या पुलाला आम्ही फरशी म्हणायचो. मी हो हो म्हणत होतो, पण माझं लक्ष नव्हतं. हेदपाड्याच्या अलीकडे सावरदऱ्याच्या उतारावर एक खड्डा होता. खड्डा समोर दिसला, की गाडीत बसलेला माणूस आपोआप दांडी धरतो, पाय रोवतो. चाक खाली जायच्या आधी अंग तयार होतं. हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मी तयार झालो, ती झाली नाही. तिचं कपाळ समोरच्या पत्र्यावर आपटलं. लिंबाएवढं टेंगूळ आलं.

हेदपाड्याला पवळीबाई नावाची म्हातारी होती. पाड्यातला पहिला शब्द तिचा आणि शेवटचाही. तिनं टेंगूळ बघितलं, मग मला बघितलं आणि विचारलं, की बायकोवर हात कधीपासून टाकायला लागलास. मी म्हणालो, गाडीनं लागलं. ती म्हणाली, "सगळे असंच म्हणतात. कोणाला दार लागतं, कोणाला उखळ लागतं. तुला गाडी लागली."

मी सगुणाकडे बघितलं, की बाई तू तरी सांग. ती चक्कीपाशी उभी राहून पीठ चिमटीत धरून खुदुखुदु हसत होती. तिनं काही सांगितलं नाही. डोंगरात बातमी पायवाटेनं जाते आणि आमची गाडी वळसा घालून जायची, त्यामुळे पुढच्या सगळ्या पाड्यांवर ती आमच्या आधी पोचलेली होती. आंब्याच्या पाड्यावर तर मला पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही. परत येताना मी रागावलो. ती म्हणाली, "मला वाटलं, बघू तरी तुमच्या बाजूनं कोण बोलतं."

पण कारभारीनं टेंगूळ बघितलं आणि तो हसला नाही. "दाजी, आज टेंगूळ आलं. उद्या मान मोडेल. मग कोणाला सांगणार, गाडीनं लागलं म्हणून?" हे मला लागलं. उशिरा आलो असं डॉक्टर म्हणाले होते, ते डोक्यातून गेलेलं नव्हतं. मी सगुणाला सांगितलं, की गाडी पुढून नरम करून घेतो. पोटातलं पाणी हलणार नाही अशी करतो. तोवर तू घरी राहायचं. तिनं विचारलं, किती दिवस. मी म्हणालो, तीन आठवडे. ती म्हणाली, "तीनच. चौथ्या मंगळवारी मी गाडीत बसणार. नाहीतर चालत जाईन."

पहिल्या आठवड्यात मी एकटाच फेरी करून आलो. माझ्या हातचं पीठ रव्यासारखं पडलं. पवळीबाईनं मूठभर घेऊन बघितलं, कोंबड्यांपुढे टाकलं आणि म्हणाली, बायकोला घेऊन ये, तोवर आम्ही जात्यावर दळू. पुढच्या फेऱ्या मी केल्याच नाहीत. गाडी अंगणात लावली आणि नाशिकहून लतीफभाईंना बोलावलं.

लतीफभाई पाट्यांचे कारागीर. ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलवर पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचून बांधलेल्या असतात, त्यांना पाटे म्हणतात. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर असतो. खड्डा आला की ते दबतात आणि परत उठतात. पाटे जितके जास्त आणि आखूड, तितकी गाडी कडक. मिलिटरीनं आमच्या गाडीला पुढे एकेका बाजूला आठ पाटे दिले होते. तोफ ओढायची गाडी, तिला माणसाच्या हाडांची काय पर्वा.

लतीफभाईंनी गाडीखाली जाऊन बघितलं आणि म्हणाले, की नरम करता येईल, पण निवृत्तीभाऊ, नरम गाडी डोंगरात नाचते. मी म्हणालो, नाचू द्या. त्यांनी आणखी एकदा सांगितलं. मी ऐकलं नाही. मग त्यांनी बाह्या वर केल्या.

ते तीन आठवडे चांगले गेले. आजही मला आठवतं, की आमच्या घरात इतकं हसणं त्याआधी फार दिवस नव्हतं. गाडी जॅकवर चढवून खाली लाकडी ठोकळे लावले. पाटे एक्सलला धरणारे क्लॅम्प गंजून एकजीव झाले होते. त्यावर डिझेल ओतून दोन दिवस वाट बघितली. सगुणा चाकाजवळ डबा पालथा घालून बसायची. पाने तिच्या मांडीवर. लतीफभाई आतून हात बाहेर काढून म्हणायचे, बावीसचा. ती बोटानं पान्याचं तोंड चाचपून बावीसचा हातावर ठेवायची. चौथ्या दिवसापर्यंत तिचा एकही पाना चुकेनासा झाला. माझे चुकत होते.

पाटे सुटे झाल्यावर तिनं ते एकेक करून हातानं बघितले. सगळ्यात वरचा सगळ्यात लांब, खाली येत आखूड होत गेलेले. तिनं विचारलं, सगळ्यात वर बसतो तो काय करतो. लतीफभाई म्हणाले, तो मुख्य. दोन्ही टोकं त्याचीच धरलेली, बाकीचे त्याला टेकू.

"म्हणजे सासूबाई," ती म्हणाली. "आणि हा सगळ्यात खालचा, आखूड?"

"तो एक्सलच्या डोक्यावर. सगळ्यांचा भार त्याच्यावर."

"ती मी."

त्यानंतर लतीफभाई पाट्यांना नंबरानं बोलावेनात. त्यांनी ठरवलं, की प्रत्येक बाजूचे तीन पाटे काढायचे. काढल्यावर सगुणानं विचारलं, कोणाला काढलं. ते म्हणाले, दीर आणि दोन जावा. ती म्हणाली, वाटणी झाली म्हणा, आता घर शांत होईल. तिची सासू म्हणजे माझी आई तेव्हा ओसरीवर बसून हे सगळं ऐकत होती. तिनं फक्त विचारलं, की सासूला कधी काढताय. त्यावर लतीफभाई म्हणाले, "आजच. जुनी काढून नवी, जास्त लांब आणतोय." आई दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही.

खरोखरच त्यांनी मुख्य पाटा बदलला. भंगारात काढलेल्या एका बसचा लांब पाटा आणला, त्यासाठी पुढची पकड कापून चार बोटं पुढे नेली आणि वेल्डिंग केलं. गाडीचं नाक खाली आलं म्हणून पाट्यांना जास्त बाक दिला. धक्का जिरवणारे दोन नवे शॉकअप टाकले. शेवटी मी बोनेटवर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला आणि अंगणातल्या उंबऱ्याएवढ्या दगडावरून गाडी नेली. पाणी सांडलं, पण थोडंच. मी आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, सांडलं की.

चौथ्या मंगळवारी सगुणा गाडीत बसली. नवं लुगडं नेसली होती.

गाडी पाळण्यासारखी चालली. जिथं पूर्वी दात वाजायचे त्या कातळावरून आम्ही तरंगत गेलो. मी तिच्याकडे बघत होतो, की गाडी छान झाली असं आता म्हणेल, आता म्हणेल. ती एका हातानं दांडी आणि दुसऱ्या हातानं माझ्या सदऱ्याची बाही धरून बसली होती. घाटात गाडी डावी-उजवी डुलायला लागली आणि तिला उलटी झाली. गाडी थांबवून चूळ भरायला लावली. तिनं विचारलं, आंब्याचा पाडा आला का. आम्ही अजून सावरदऱ्यातसुद्धा पोचलो नव्हतो. मला वाटलं, थट्टा करतेय.

हेदपाड्याला पवळीबाईनं तिचं कपाळ दोन्ही हातांनी चाचपून बघितलं आणि मला पाणी दिलं. पीठ चांगलं पडलं. पण सगुणा बायकांशी बोलली नाही. चक्कीवरून उतरल्यावर ती नेहमी बरोबर पवळीबाईच्या ओट्याकडे जायची. त्या दिवशी ती उलट्या बाजूला, कुंपणाकडे चालत गेली. काट्यात पाय पडला.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "कारभारी म्हणतो ते बरोबर आहे. चक्कीला दुसरं कोणी बघा. मी घरी राहते."

मी तिला किती विचारलं. दमले, एवढंच सांगायची. जी बाई चालत जाईन म्हणाली होती, ती आता खाट सोडीना. आईनं विचारलं, कारभारीनं विचारलं, तरी तेच. मला वाटलं, डोळे गेल्याचं दुःख आता तिच्यापर्यंत पोचलं. गाडी मात्र नवी झाल्यासारखी अंगणात उभी होती.

रविवारी लतीफभाई आपलं काम कसं चाललंय ते बघायला आले. सोबत खजुराचा पुडा. गाडी कशी आहे, असं त्यांनी सगुणाला विचारलं. चांगली आहे, म्हणाली. त्यांना ते पटलं नाही. चला भाभी, एक चक्कर मारू म्हणाले. त्यांच्या शब्दाला मान देऊन ती उठली. तिघं पुढेच बसलो, ती मधे. लतीफभाई स्वतः चालवत होते. फरशीपर्यंत गेलो, फरशी ओलांडली, पलीकडे गाडी वळवली आणि परत आलो. अंगणात इंजिन बंद करून ते खूश होऊन म्हणाले, "भाभी, पोटातलं पाणी तरी हललं का?"

"नाही," ती म्हणाली. "आपण कुठं गेलो होतो?"

लतीफभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, फरशीपर्यंत.

"फरशी लागली होती?"

"ओलांडली दोनदा."

ती मग मांडीवर हात ठेवून हळूहळू बोलायला लागली. "पूर्वी फरशीला दोन गचके बसायचे. आधी तुमच्या बाजूला, मग माझ्या. उंबराच्या मुळीवर कंबर उचलायची. कातळावर दात वाजायचे. शाळेच्या वळणावर पुढचं चाक गपकन जायचं आणि मागचं उशिरा. मला सगळं दिसत होतं. कुठं आलो, कोणाचं घर कुठल्या हाताला, कुठं उतरायचं, सगळं. आता तुम्ही मला उचलून कुठंतरी ठेवता आणि म्हणता, हा हेदपाडा. मी विश्वास ठेवायचा. असं मला बसता येत नाही हो."

मी म्हणालो, अगं पण टेंगूळ.

"तो खड्डा नवा होता. त्या पावसाळ्यात पडलेला. जुने सगळे मला पाठ आहेत. तुम्ही नवे तेवढे सांगा, जुने मी बघते."

लतीफभाई स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते. त्यांनी दाढी खाजवली आणि मला म्हणाले, "निवृत्तीभाऊ, जॅक कुठाय?"

खजुराचा पुडा तसाच राहिला. त्याच दुपारी गाडी परत ठोकळ्यांवर चढली. या वेळी मी काही ठरवलं नाही आणि लतीफभाईंनीही नाही. आधी एकेका बाजूला एक पाटा परत घातला आणि फरशीपर्यंत गेलो. तिनं डोकं हलवलं, एकच गचका लागतोय म्हणाली. परत आलो, दुसरा घातला. या वेळी फरशीवर चाक चढायच्या आधीच तिनं दांडी धरली, पाय रोवले. गाडी खाली गेली तेव्हा ती जागची हलली नाही. आमच्यात लतीफभाईंचंच डोकं वर आपटलं. त्यांना फरशी पाठ नव्हती.

ती इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. लतीफभाईंनी डोकं चोळत विचारलं, की आता तिसरा घालू का. ती म्हणाली, नको, दीर आला, एक जाऊ आली, दुसरी बाहेरच बरी आहे. बसचा लांब पाटाही काढून जुना बसवला. आईला सांगितलं, सासू परत आली. आईनं त्या दिवशी लतीफभाईंना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पुढच्या मंगळवारपासून सगुणा माझ्या शेजारी बसली ती पुढची अठरा वर्षं. मी फक्त नवे खड्डे सांगायचो. डावीकडे नवा, हातभर. ती दांडी धरायची आणि परत आलो, की तोही तिला पाठ झालेला असायचा. एकदा आंब्याच्या पाड्याच्या चढावर ती म्हणाली, थांबा, माझ्या बाजूचा पाटा तुटलाय. उतरून बघितलं तर खरंच तुटला होता. मला काही जाणवलं नव्हतं. पाड्यातल्या बायका तिला विचारायच्या, मावशी, तुला न दिसता कसं कळतं आमचं घर आलं. ती सांगायची, की तुमच्या दारातला दगड काढू नका, बस.

ती मला एकदा म्हणाली होती, की एक दिवस तुम्ही माझ्या जागेवर बसा, डोळे मिटा आणि सातही पाडे करा. मग कळेल मी काय बघते ते. मी विचारलं, मग गाडी कोण चालवणार. ती म्हणाली, "मी चालवते की. रस्ता मलाच जास्त पाठ आहे." आम्ही दोघं हसलो आणि ते तिथंच राहिलं.

पाड्यांवर वीज आली, तिथं तिथं चक्क्या झाल्या. आमची चक्की मी उतरवून ठेवली. गेल्या वर्षी कार्तिकात सगुणाला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली. लतीफभाई आले होते. आता तेही फार थकलेत. अंगणात जाऊन गाडीखाली वाकून बघून आले.

गाडी माझा पुतण्या दशरथ चालवतो. आंब्याची कलमं आणि खत घेऊन तो त्याच रस्त्यानं जातो. काका, बसा शेजारी, म्हणतो. मी मागे हौद्यात बसतो. डांबर आता सावरदऱ्यापर्यंत आलं आहे. फरशीच्या जागी उंच पूल झाला, उंबर तोडला. पुढचा कातळ, शाळेचं वळण आणि हेदपाड्याचा चढ अजून तसाच आहे.

तिच्या जागेवर बसून, डोळे मिटून, तो रस्ता मी अजून केलेला नाही.